क्रिएटिनिन ठळक छापून आलं तर: किडनीचा रिपोर्ट कसा वाचायचा

संध्याकाळी सहानंतर आमच्या लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट न्यायला गर्दी होते. पाकीट हातात पडलं की माणूस दोन पावलं बाजूला होतो, गाडीच्या सीटवर कागद पसरतो आणि फक्त ठळक अक्षरं हुडकतो. ठळक दिसलं की परत खिडकीशी. "काय ओ, ह्ये क्रिएटिनिन १.५ म्हंजे किडनी गेली म्हणायची?"

मी लॅब टेक्निशियन, डॉक्टर नव्हे. निदान सांगायचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगतही नाही. पण सत्तावीस वर्षं कोल्हापुरात लोकांचं रक्त काढतोय, तेव्हा कागद कसा वाचायचा, कुठं घाबरायचं आणि कुठं नाही, एवढं नक्की सांगू शकतो. ठळक नसलेल्या आकड्याकडं बघायला मात्र मी फार उशिरा शिकलो, तेही घरच्याच माणसाच्या रिपोर्टवरून.

आज रात्रीच दवाखाना गाठायचा का?

बहुतेक ठळक आकडे चार दिवस थांबतात. काही थांबत नाहीत. पोटॅशियम ६ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना त्याच वेळी फोन लावा. ६.५ च्या पुढं असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जा. हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्याआधी काही जाणवेलच असं नाही. बारा तासांत लघवीच झालेली नाही, आडवं पडलं की दम लागतो, माणूस असंबद्ध बोलतोय, उचकी आणि उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही असलं तर आकडा कितीही असो, निघा. अपरात्री कुठं जायचं सुचत नसेल तर भाऊसिंगजी रोडचा सरकारी दवाखाना, सीपीआर, आहेच.

आपल्या भागातल्या तीन गोष्टी याच यादीत घाला. उसाच्या फडात घोणस चावली असेल तर किडनीला धक्का बसू शकतो, आणि तो पहिल्या दिवशीच्या रक्तात दिसेलच असं नाही. म्हणून असा पेशंट बरा वाटतोय म्हणून घरी पळवून आणू नका. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, पुढचे काही दिवस परत परत बघावं लागतं. दुसरी, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हा शब्द घराघरांत पोचला, पण पूर नसतानाही भाताच्या चिखलात, गोठ्यात, उंदीर-घुशींच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यात वावरणाऱ्याला तो होतो. ताप, पोटऱ्यांत असह्य ठणका, लाल डोळे आणि कमी झालेली लघवी असं एकत्र आलं तर ताप उतरायची वाट बघत बसू नका. तिसरी तालमीतली. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातला माल किडनीत अडकतोय. त्याला हळद-दूध पाजून झोपवायचं नाही.

यातलं काही नसेल तर कागद टेबलावर ठेवा आणि निवांत वाचायला घ्या.

वरची ओळ आधी वाचा

नाव, वय, स्त्री की पुरुष, रक्त घेतल्याची वेळ. ही ओळ कोणी वाचत नाही. आमच्याकडं नोंद करताना वय विचारलं की "घाला की पन्नास" असं उत्तर मिळतं आणि पन्नास छापलं जातं. साखरेच्या तपासणीला त्यानं फारसं बिघडत नाही. पण किडनीच्या रिपोर्टात ईजीएफआर नावाचा जो आकडा असतो, तो म्हणजे किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला हिशेब आहे. वय पन्नासऐवजी सत्तर असेल तर तो आकडाही चुकलेला असतो. चूक दिसली तर लॅबला दुरुस्त करून मागा. ते तुमचं काम आहे आणि आमचंही.

कंसातली रेंज त्या त्या लॅबच्या मशीनची असते. एका लॅबला १.२ वर ठळक येतं, दुसरीत १.३ पर्यंत साधं. म्हणून दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून दशांशावरून भांडू नका. शक्यतो एकाच लॅबला चिकटून राहा.

आदल्या दिवशी काय केलं होतं?

रविवारी तांबडा-पांढरा चापायचा आणि सोमवारी सकाळी रक्त द्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिन नावाच्या पदार्थाचं क्रिएटिनिन होतं, पोटातून ते रक्तात येतं आणि काही तास आकडा चढलेला राहतो. किडनीचं काही बिघडलेलं नसतं. रक्त द्यायच्या आधी बारा तास मटण, चिकन, मासे नकोत. रात्रीच्या जेवणाचा बेत त्या हिशेबानं करा.

बाकीचे प्रश्न स्वतःलाच विचारा. जुलाब झाले होते का? कडक उपवास? भर उन्हात दिवसभर शेतात, आणि पाणी नीट प्यालं नव्हतं? अंग सुकलं की किडनीला रक्त कमी मिळतं आणि क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. सीटी स्कॅनला शिरेतून डाय सोडलं होतं का? गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक यांतली गोळी सुरू आहे का? मेडिकलमधून "ती पिवळी गोळी द्या" म्हणून मागून घेतलेलीही यात मोजा. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात त्या औषधांपैकी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी आणि चरबीसाठीचं फेनोफायब्रेट, ही दोन्ही किडनीला इजा न करताही आकडा वर नेऊ शकतात.

जिमला जाणारी पोरं प्रोटीनच्या डब्याबरोबर क्रिएटिनची पावडर घेतात, आणि फॉर्म भरताना ते सांगायचं विसरतात. सांगा. डॉक्टरांना शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

क्रिएटिनिन, आणि त्याच्या खालची ओळ

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामात तयार होणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणं मंदावलं की रक्तात साठतो. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो: कचरा किती तयार होतो आणि किती बाहेर जातो. लोक दुसरी गोष्ट बघतात, पहिली विसरतात.

गंगावेशीतला पंचवीस वर्षांचा पैलवान घ्या. अंगावर स्नायूच स्नायू. क्रिएटिनिन १.५, ठळक. आता गडहिंग्लजकडची सत्तरीची आजी घ्या. वजन चाळीस-बेचाळीस किलो, दंडाला पट्टा बांधला तर शीर आणि हाडच हाताला लागतं. क्रिएटिनिन १.१, आणि आमच्या छापील रेंजमध्ये ते व्यवस्थित बसतं. घरचे म्हणतात, आज्जीचं सगळं नॉर्मल. पण आता ईजीएफआर काढा. हल्ली वापरतात त्या सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्रानं पैलवानाचा येतो साधारण ६६ आणि आजीचा ५४. वर त्या पैलवानाचा ६६ सुद्धा खऱ्यापेक्षा कमीच दाखवलेला असू शकतो, कारण सूत्राला त्याचे स्नायू दिसत नाहीत. आजीचं उलटं. तिच्या अंगात कचराच कमी तयार होतो, म्हणून तिची किडनी ५४ पेक्षाही मंद असू शकते.

म्हणून क्रिएटिनिन वाचून झालं की नजर ईजीएफआरवर न्या. छापलेला नसेल तर लॅबला विचारा, किंवा मोबाइलवर सीकेडी-ईपीआय २०२१ चा कॅल्क्युलेटर शोधून स्वतः काढा. ९० आणि वर म्हणजे गाळणी उत्तम. ६० ते ८९ ला नुसत्या आकड्यावरून आजार म्हणत नाहीत, लघवीत किंवा सोनोग्राफीत काही सापडलं तरच. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे आजाराच्या तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग. १५ ते २९ चौथा टप्पा. १५ च्या खाली पाचवा. तिथं डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची बोलणी करावी लागतात, पण त्या दिवशीच मशीनला जोडतात असं नाही.

हा टप्पा एका कागदावरून ठरत नाही. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला जुनाट किडनी विकार म्हणायचं, अशी व्याख्याच आहे. एका सोमवारच्या ५६ वरून "थर्ड स्टेज" म्हणून सगळ्या पाहुण्यांत बातमी पसरवलेली मी बघितलीय. तीन महिन्यांनी तेच ८१ निघालं, पाहुणे मात्र अजून विचारतात.

ताप-जुलाबात क्रिएटिनिन रोज बदलत असेल तेव्हा ईजीएफआरला काही अर्थ नसतो. अठराच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला हे सूत्र लावायचं नसतं. गरोदरपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली उतरतं, तेव्हा ०.९ सुद्धा डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या, ठळक नसलं तरी.

युरियाचा घोळ

याच्यावर फार वेळ घालवू नका, पण एक गंमत सांगतो. युरिया म्हणजे प्रोटीनपासून तयार होणारा कचरा. काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, म्हणजे त्या युरियातलं नायट्रोजन. दोन्ही एकाच पदार्थाची मोजमापं, पण बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया येतो. गेल्या महिन्यात युरिया ४२ होतं, काढा घेतला आणि आता २० वर आलं, असं सांगत एक गृहस्थ पेढे घेऊन आले. दुसरा कागद बीयूएनचा होता. आकडा होता तिथंच होता. पेढे आम्ही खाल्ले.

क्रिएटिनिन ठीक आणि एकटं युरिया वर, असं बहुधा पाणी कमी पडल्यानं, भरपूर प्रोटीन खाल्ल्यानं किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी होतं. फक्त शी डांबरासारखी काळी होत असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो; मग किडनीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पोटॅशियम: निम्मी भीती ट्यूबमधली

इथं आमच्या धंद्याची लाज थोडी उघडी करतो. पोटॅशियमची साधारण रेंज ३.५ ते ५.१. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर अगदी थोडं. सुई नीट लागली नाही, रक्त जोरात ओढलं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम सिरममध्ये, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात, सांडतं. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून, ट्यूब काढली की वरचा थर फिकट पिवळा दिसायला हवा. तो कोकमाच्या सरबतासारखा लालसर दिसला की टेक्निशियनला कळतं, हे सॅम्पल फुटलंय. चांगली लॅब रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' अशी शेरा-ओळ टाकते. ती ओळ शोधा.

शीर सापडेना म्हणून आम्ही सांगतो, "मूठ उघडझाप करा." त्यानंही पोटॅशियम चढतं. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या कलेक्शन सेंटरवरून सकाळी घेतलेलं रक्त दुपारी आमच्याकडं येतं. सिरम वेगळं न करता ते बर्फाच्या डब्यात ठेवलं असेल तर पेशी आतलं पोटॅशियम बाहेर सोडत राहतात. थंडीत रक्त टिकतं हा समज इथं उलटा पडतो. आणखी एक: जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं ते पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियम पकडून ठेवतं. घाईत कोणी त्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. धडधाकट चालत आलेल्या माणसाच्या कागदावर हे दोन्ही एकदम दिसलं तर संशय ट्यूबवर घ्या.

पण उलट चूक करू नका. "सॅम्पल फुटलं असंल" म्हणून ६.३ खिशात घालून घरी जायचं नाही. त्याच दिवशी ताजं रक्त द्या आणि डॉक्टरांना कळवा. किडनी मंद असणाऱ्याचं, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही घेणाऱ्याचं पोटॅशियम खरोखरच वाढू शकतं. त्यात कोणी "बीपीला चांगलं" म्हणून लो-सोडियम मीठ आणलं असेल तर बघायलाच नको. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

लघवीची बाटली

रक्त द्यायला माणसं तयार असतात, बाटली हातात दिली की कसंनुसं तोंड करतात. मला विचाराल तर मधुमेह आणि बीपीवाल्यांसाठी हीच तपासणी क्रिएटिनिनपेक्षा महत्त्वाची आहे. गाळणीची जाळी सैल व्हायला लागली की आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळतं. तेव्हा क्रिएटिनिन अगदी ०.८ वर निवांत असतं. वर्षानुवर्षं असं चालू शकतं.

साध्या रुटीन लघवीत 'प्रोटीन निल' आलं म्हणून भागत नाही, कारण ती पट्टी थोडं अल्ब्युमिन पकडत नाही. मागायची तपासणी म्हणजे एसीआर, अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० वाढलेलं, ३०० च्या पुढं फार वाढलेलं. हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅमचे, एकक तपासा.

सकाळची पहिली लघवी द्या, सुरुवातीची धार सोडून मधली. ताप असताना, मासिक पाळीत, लघवीला जळजळ असताना किंवा आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला असेल तर देऊ नका, आकडा फसवतो. वाढलेलं आलं तरी तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेलं निघालं तरच खरं धरतात. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो विरत नाही, हे लक्षात आलं असेल तर वाट बघू नका, लगेच एसीआर करा.

आप्पांचे चार कागद

माझ्या वडिलांना मधुमेह. दर दीड-दोन वर्षांनी मीच त्यांचं रक्त घरून काढून आणायचो. वय ६१, क्रिएटिनिन ०.९. वय ६३, १.१. वय ६५, १.३. आमची रेंज १.३ पर्यंत. तिन्ही वेळा काही ठळक नाही. तिन्ही वेळा मीच कागद प्रिंट केला, स्टेपल मारली आणि फाइलला लावला. "आप्पा, नॉर्मल हाय सगळं." ६६ व्या वर्षी १.६ आलं. ठळक.

त्या रात्री मी चारही कागद फाइलमधून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं ईजीएफआर लिहिला. ९७. ७५. ६१. ४७. पाच वर्षांत निम्मी गाळणी गेली होती, आणि त्यातली पहिली छत्तीस पॉइंटची घसरण मी स्वतःच्या हातानं 'नॉर्मल' म्हणून छापली होती. एसीआर एकदाही केलेलं नव्हतं. लघवीची बाटली बापाच्या हातात द्यायला मलाच अवघड वाटायचं. नंतर केलं तेव्हा चारशेच्या वर निघालं. आणि गुडघ्याच्या गोळ्या? त्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात होत्या, पट्टीच्या पट्टी.

क्रिएटिनिनची ही खोडच आहे. सुरुवातीला किडनी भराभर घसरते तेव्हा ते मुंगीच्या पावलानं चढतं आणि शेवटी उड्या मारतं. ढोबळ हिशेब असा की क्रिएटिनिन दुप्पट झालं म्हणजे गाळणी निम्मी झाली. ०.७ चं १.४ होणं हे ५ चं ६ होण्यापेक्षा मोठं नुकसान आहे, पण घर हादरतं ते ५ चं ६ झाल्यावर. वयाप्रमाणं चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक पॉइंट सगळ्यांचाच उतरतो. वर्षाला पाचाहून जास्त सतत उतरत असेल तर तो वयाचा दोष नाही.

म्हणून तुम्हीही आज जुनी फाइल काढा. शंभर पानी वही घ्या, रकाने आखा: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, त्या दिवशीचं बीपी, तीन महिन्यांची साखर, आणि त्या वेळी चालू असलेल्या गोळ्या. जुन्या कागदांवर ईजीएफआर नसेल तर सगळ्यांचा एकाच सूत्रानं काढा, नाहीतर घसरण खरी की सूत्राची ते कळणार नाही. जुने रिपोर्ट हरवले असतील तर लॅबला फोन करा. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर मागच्या काही वर्षांचे सापडतात.

आकडा जुना की नवा हे ओळखायला हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीही मदत करतात. किडनी रक्त तयार करायचा निरोप देणारं संप्रेरक बनवते, म्हणून जुन्या आजारात हिमोग्लोबिन उतरतं, फॉस्फरस वाढतं. सोनोग्राफीत मोठ्या माणसाची किडनी साधारण नऊ ते बारा सेंटिमीटर भरते. दोन्ही आक्रसून लहान झाल्या असतील तर दुखणं बरंच जुनं. मधुमेहात मात्र आजार जुना असूनही आकार नीट दिसू शकतो. आणि सोनोग्राफीत खडा किंवा वाढलेल्या प्रोस्टेटनं अडलेली लघवी सापडली तर चांगलंच, कारण अडथळा काढला की पुष्कळदा आकडा खाली येतो.

गोळ्या: कोणती थांबवायची, कोणती नाही

दुखण्याच्या गोळ्या आजच बंद. गुडघा दुखतोय तर डॉक्टरांकडून पॅरासिटामॉलचा डोस विचारून घ्या. ओळखीतल्या कुणी दिलेली बिननावाची पुडी, भस्म, "मुतखड्याचा खात्रीशीर काढा", हेही बंद. काही भस्मांत पारा-शिसं सापडतं आणि तेच किडनीवर बसतं.

पण बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण गाळणीवरचा दाब कमी झाल्याची ती खूण असते आणि पुढं जाऊन त्यानंच किडनी वाचते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, पहिल्या काही आठवड्यांत छोटी घसरण, मग स्थिर. आकडा बघून ही गोळी परस्पर सोडणारे लोक मला आठवड्याला दोन तरी भेटतात. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की कमी करावा लागतो, ३० च्या खाली ते बंद करतात. ते डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर यांतल्या काही गोळ्या दोन दिवस थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे बरं असतानाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, कधी? ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर ३०० च्या वर, घसरण झपाट्याची, किंवा लघवीत रक्त आणि कारण सापडत नाही, असं असेल तर. जाताना सगळी फाइल न्या, पण डॉक्टरांच्या हातात आधी वही द्या. डायलिसिसपर्यंत गोष्ट गेलीच असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, शेत विकायची भाषा करू नका.

ताटातलं

किडनी म्हटलं की आधी पाण्याचा सल्ला मिळतो: दिवसाला पाच लिटर पी. अंगावर सूज असलेल्याला हा सल्ला आडवा करतो. पाणी किती, हे डॉक्टरांनाच विचारा. टोमॅटो, केळी, बटाटा सगळ्यांनाच बंद नसतं. पोटॅशियम वर असेल तरच. तसं असेल तर शहाळं मात्र खरंच बंद, आणि दवाखान्यात भेटायला येणारे नेमकं तेच घेऊन येतात.

मिठाचं पथ्य सगळ्यांना. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं सगळं आलं. आपल्या जेवणात तिखटाला उगाच बदनाम करतात, किडनीचं खरं वाकडं आहे ते मिठाशी. खर्डा, सुकट, पापड, मिसळीवरचं फरसाण. मटण कायमचं सुटत नाही, पण तिसऱ्या टप्प्यापासून पुढं प्रोटीन वजनाच्या प्रत्येक किलोला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला अठ्ठेचाळीस ग्रॅम. दूध, डाळ, अंडं धरून ते लवकर भरतं.

पुन्हा रक्त द्यायला येताना

अचानक वाढलेलं असेल तर डॉक्टर दोन-चार दिवसांत परत तपासायला सांगतील. दोन दिवसांत ०.३ नं वाढ किंवा आठवड्यात दीडपट, ही तीव्र बिघाडाची खूण. तिथं तीन महिने थांबायचं नसतं. बाकीच्यांनी सांगितलेल्या तारखेला, त्याच लॅबमध्ये, सकाळी, नेहमीइतकं पाणी पिऊन, आदल्या रात्री शाकाहारी जेवून यावं. नियमाच्या गोळ्या घ्यायच्या की नाहीत ते आधी विचारून घ्या. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ नुसती मिटा, उघडझाप करू नका, टेक्निशियन म्हणाला तरी.

आप्पा आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. वहीतला शेवटचा आकडा ४४, त्याच्या वरचा ४५, त्याच्या वरचा ४५. रकाने तेच आखतात, फूटपट्टीनं, लाल पेनानं. मागच्या शनिवारी मी पट्टा बांधत होतो तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं बाटली माझ्यापुढं सरकवली, वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली: पहिली, सकाळची, मधली धार.